सूर्य तिच्या पाठीमागे

“सूर्य तिच्या पाठीमागे आहे.”

वाक्य कुणी बोललं हे पाहायला सगळ्यांच्या माना वळल्या, तशी अकरा नंबरचीही मान वळली. हा आवाज आपलाच आहे हे तिला लगेच उमगलं नाही. एकोणीस वर्षं ती या संग्रहालयाच्या अकराव्या खोलीत पहाऱ्याला बसत होती, म्हणून बरोबरीचे लोक तिला अकरा नंबर म्हणत. इतक्या वर्षांत प्रेक्षकांशी ती जी काही वाक्यं बोलली होती ती एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. हात लावू नका. फ्लॅश नको. स्वच्छतागृह खाली, जिन्याच्या डावीकडे. नियमच तसा होता, नोकरीला लागताना छापील कागदावर दिलेला: पहाऱ्यावरील व्यक्तीने कलाकृतींविषयी मतप्रदर्शन करू नये. तिनं तो कधी मोडला नव्हता, कारण मोडायची वेळच आली नव्हती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि आज गुरुवारी सकाळी, कुणी न विचारता, खुर्चीतून न उठता, ती बोलून बसली होती.

खोलीत वीसेक माणसं होती आणि त्यांच्यासमोर प्राध्यापक. हे दर गुरुवारी यायचे, सहा वर्षं झाली असतील. उंच, मृदू आवाजाचे, बोलताना डावा हात हवेत असा फिरवायचे की जणू तिथं एखादं मांजर आहे आणि ते त्याला कुरवाळताहेत. पश्चिमेच्या भिंतीवर ते मोठं चित्र होतं, दीडशे वर्षांपूर्वीचं: कापलेल्या गवताचं विस्तीर्ण रान, रचलेल्या गंजी, एक ओढा, पलीकडे झाडांची रांग, आणि चित्राचा दोन तृतीयांश भाग नुसतं आभाळ. खाली डावीकडे चार बाया. तिघी वाकून गवत गोळा करताहेत आणि चौथी सरळ उभी. प्राध्यापक दर गुरुवारी याच जागी थांबून, आवाज आणखी एक पायरी खाली उतरवून म्हणायचे, “आणि ही बघा. ही काम विसरली आहे. क्षणभर सूर्यास्त बघत उभी आहे. किती निवांत. ती माणसं निसर्गाशी किती एकरूप होती. आपण ते कायमचं गमावलं.” सहा वर्षांत तिनं हे दोनअडीचशे वेळा तरी ऐकलं होतं. ऐकून ऐकून ते पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं, असून नसल्यासारखं. मग आजच काय झालं हे तिला सांगता आलं नसतं. कदाचित एका बाईनं “निवांत” हा शब्द ऐकून सुस्कारा सोडला म्हणून. तो सुस्कारा मऊ गादीवर बसल्यासारखा होता.

प्राध्यापक हसले. रागावले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. “मावशी,” ते म्हणाले, “तुमचं इतकं लक्ष असतं हे फार छान आहे.” लोकही हसले, चांगल्या मनानं, आणि घोळका पुढच्या चित्राकडे सरकला. तिचे कान तापले. मावशी. हा शब्द तिनं आयुष्यभर ऐकला होता, दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज तिला पहिल्यांदा दिसलं की त्या शब्दाला एक बिजागरी आहे. मावशी म्हटलं की माणूस नात्यात येतो आणि चर्चेतून बाहेर जातो, एकाच झटक्यात, दार न वाजता.

ती चित्राकडे बघत राहिली. सूर्य चित्रात नव्हताच, तो डाव्या चौकटीच्या बाहेर कुठेतरी होता. पण गंजींच्या सावल्या उजवीकडे लांबल्या होत्या, आणि त्या उभ्या बाईची सावलीही तिच्या पायांपासून पुढे, उजवीकडे पडली होती. ती उजवीकडेच बघत होती. मावळत्या सूर्याकडे तिची पाठ होती. यात मतप्रदर्शन कसलं? हे तर ओट्यावर पातेलं आहे म्हणण्यासारखं होतं. पण हे दिसायला तिला दोन वर्षं लागली होती, हेही खरं. पहिल्या वर्षी तर तिला ते चित्र सहनच होत नव्हतं. रानातून पाय काढून ती शहरात आली, डोक्यावर छप्पर, बसायला खुर्ची अशी नोकरी मिळाली, आणि बसायचं कुठे, तर रानासमोर. नशिबाची थट्टा म्हणून तिनं खुर्ची थोडी तिरकी करून घेतली होती. मग हळूहळू, करायला दुसरं काहीच नाही म्हणून, डोळे तिकडे जायला लागले. दुसऱ्या वर्षी सावल्या दिसल्या. चौथ्या वर्षी झाडांच्या रांगेखालचा तपकिरी ठिपका घोडेस्वार निघाला, पाठमोरा, दूर चाललेला. हा कोण ते तिला नाव न वाचता कळलं. घोड्यावर बसून रानात फिरणारा, कामाला हात न लावणारा माणूस एकच असतो. मुकादम. तो वळला, पाठमोरा झाला, तेव्हा कुठे ही उभी राहिली. एक हात कपाळावर नाही, कमरेच्या मागे, माकडहाडाच्या वर, अंगठा आत रुतवलेला. सूर्यास्त बघणारी माणसं हात असा ठेवत नाहीत. हा हात तिला पाठ होता.

तिची आई अशीच उभी राहायची. दुसऱ्यांच्या रानात, कांद्याच्या वाफ्यात, नऊ-नऊ तास वाकून. मुकादम काठी टेकत बांधावरून फिरायचा, सरळ झालेली पाठ त्याला शंभर पावलांवरून दिसायची आणि त्याचा एक ठरलेला प्रश्न होता, “काय, वाऱ्याला उभी का?” म्हणून सात वर्षांच्या मुलीला बांधावर बसवलेलं असायचं. मुकादम इकडे वळला की मुलीनं खोकायचं, की सगळ्या पाठी पुन्हा खाली. म्हणजे पहाऱ्याची नोकरी तिला खरं तर सातव्या वर्षीच लागली होती, संग्रहालयानं फक्त गणवेश दिला. ती चांगला खोकायची. बायका तिचं कौतुक करायच्या, घसा बसला तर तिला गूळ द्यायच्या. फक्त एका दुपारी ती खोकली नाही. समोरच्या टेकडीवरून ढगाची सावली उतरत होती. उतरत होती म्हणजे अशी, की आधी टेकडीचा पिवळा माथा निळा झाला, मग खांदा, मग ती निळाई उतारावरून सांडत सांडत वाफ्यांकडे यायला लागली, आणि तिच्या पुढच्या काठाला ऊन इतकं लख्ख होतं की एकेक ढेकूळ वेगळं दिसावं. असं काही जगात असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. सावली तिच्या पायांपर्यंत आली, अंगावरून गार गेली, आणि तिनं मान वळवली तेव्हा मुकादम आईच्या समोर उभा होता, आणि आई सरळ, हात कमरेच्या मागे. “उद्यापासून घरीच उभी राहा,” तो म्हणाला. ओरडला नाही. तो कधीच ओरडायचा नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर अकरा नंबरला खाली बोलावणं आलं.

अधीक्षक मॅडम तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान होत्या, आणि वाईट नव्हत्या. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी रजा न मागता दिली होती. आज त्या सारखा चष्मा काढून पुसत होत्या. “बसा. प्राध्यापकांची तक्रार नाही हं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी तर विनोद म्हणूनच सांगितलं. पण त्या घोळक्यात विश्वस्तांपैकी एक जण होते, आणि त्यांनी लेखी पाठवलंय. आता लेखी आलं की मला लेखीच उत्तर द्यावं लागतं. हे टाइप करून ठेवलंय. सही केली की विषय संपला. तुमचे आठ महिने राहिलेत, उगाच कशाला.”

कागदावर दोन वाक्यं होती. पहिलं: कर्तव्यावर असताना मी नियमाचा भंग करून प्रेक्षकांसमोर मतप्रदर्शन केले. दुसरं: मला चित्रकलेची कोणतीही जाण नसून, अज्ञानातून केलेल्या विधानाबद्दल मी दिलगीर आहे.

तिनं पेन घेतलं. पहिलं वाक्य खरं होतं, त्याला तिची हरकत नव्हती. दुसऱ्या वाक्यावर डोळे आले आणि तिथंच थांबले, जोडा चिखलात रुतावा तसे. तिला वाटलं होतं की ती फार तर चिडेल. पण चिडण्याऐवजी तिला एकदम रस्ता आठवला, रानातून घरी जायचा, त्या दुपारनंतरचा. आई पुढे, ती मागे. मारेल याची वाट बघत चाललेली. बांध ओलांडल्यावर आई मागे न वळता म्हणाली, “काय बघत होतीस एवढं?” ती म्हणाली, “ढगाची सावली.” आईची चाल थोडी मंदावली. “कुठपासून बघितलीस? माथ्यापासून?” ती हो म्हणाली. “मी खांद्यापासून,” आई म्हणाली. “वाकलेलीला वरचं दिसत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात उतार एकदम निळा झाला म्हणून बघायला उभी राहिले. माथ्यावर कशी होती, सांग.” आणि तिनं सांगितलं. घरापर्यंतचा सगळा रस्ता तिनं आईला ती सावली सांगितली, पिवळ्यापासून निळ्यापर्यंत, आणि आई मधूनमधून विचारत होती, काठ कसा होता, सरळ की वाकडा, झाडावर चढली तेव्हा काय झालं. त्या आठवड्यात घरात खायचे हाल झाले. पण आईनं ती दुपार तिच्यावर कधी ढकलली नाही.

हे ती विसरली होती असं नाही. तिनं ते वेगळं ठेवलं होतं, कारण त्याची तिला अडचण होती. सहा वर्षं ती मनातल्या मनात प्राध्यापकांशी भांडत आली होती की उभ्या बाईची पाठ दुखतेय, ती बिचारी काही बघत-बिघत नाही, रान काय बघायची वस्तू आहे का, ते तुमच्यासारख्यांसाठी. आणि चित्राच्या उजव्या कडेला, टेकडीवर, एक करडा-निळा पट्टा होता, रोज तिथंच होता. हिवाळ्यात दुपारी छतातल्या काचेतून ऊन विशिष्ट ठिकाणी आलं की वीसेक मिनिटं तो पट्टा इतका स्पष्ट व्हायचा की त्याला काठ फुटायचा. रंग काळवंडला असेल, ती स्वतःला सांगायची. पण तो ढगाची सावली होता, आणि उभी तिकडेच बघत होती. म्हणजे प्राध्यापकांचं अर्धं बरोबर होतं, आणि तिचं अर्धं. पाठ दुखतच होती, आणि ती बघतही होती. फक्त निवांत नव्हती. काम विसरून बघत नव्हती; मुकादमाची पाठ वळली तेवढ्या वेळात, चार श्वासांत, ते हिसकावून घेत होती. बघणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी चोरून केलेलं नसतं. आणि आता हा कागद म्हणत होता की तिला जाण नाही. तिला नाही तर मग आईलाही नव्हती. मग त्या रस्त्यावर दोघी जे बोलल्या ते काय होतं?

“मॅडम,” ती म्हणाली, “पहिल्यावर करते. दुसरं काढा.”

“अहो, ते नुसतं लिहायची पद्धत असते.”

“असेल. पण ते खरं नाही.”

मॅडमनी चष्मा पुन्हा पुसला. “दुसरं वाक्य त्या विश्वस्तांनीच सुचवलंय. त्याच्याशिवाय ते घेणार नाहीत. घरी जाऊन विचार करा. उद्या दुपारपर्यंत.”

घरी नवरा भाजी चिरत होता. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. दिवसभर अंधाऱ्या खोबणीत उभं राहून त्याची बोलण्याची भूक संध्याकाळपर्यंत साठलेली असायची. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सही करून टाक. सही म्हणजे काय, शाई. मी तर रोज ‘सर्व दोष दूर केले’ असं लिहून सही करतो, आणि लिफ्ट दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर अडकते.”

“ती तुझी लिफ्ट आहे.”

“आणि ती तुझी बाई आहे का? दीडशे वर्षं एका जागी उभी. माझी लिफ्ट निदान खाली तरी येते.”

एरवी ती हसली असती. तिनं कांदा घेतला आणि सोलायला लागली. नवऱ्यानं तिच्याकडे नीट बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याला तिच्या गप्प राहण्याचे प्रकार माहीत होते, आणि हा त्यातला नव्हता. सुरी खाली ठेवून त्यानं विचारलं, थट्टा न करता, “तुला खरंच कळतं का गं त्यातलं?”

हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारत होतं. तिला वाटलं आपण म्हणू, नाही रे, मला काय कळणार, एवढंच आपलं बघून बघून. जिभेवर ते तयारच होतं, घासून गुळगुळीत झालेलं. तिनं ते गिळलं.

“कळतं,” ती म्हणाली.

त्यानं चिरलेली भाजी ताटात गोळा केली. “मग कळत नाही असं कसं लिहून देशील,” तो म्हणाला, आणि उठून कढई ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती अधीक्षकांच्या खोलीत गेली. कागद टेबलावर ठेवून, पट्टी लावून, तिनं दुसरं वाक्य एका रेघेत खोडलं आणि खाली सही केली. मग रेघेच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: सावली पाहावी. मॅडमनी ते वाचलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि बंद झालं. “याचा परिणाम होणार, कळतंय ना,” त्या म्हणाल्या. ती म्हणाली, “हो.” आवाज थरथरला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. परिणाम चार दिवसांनी आला, छापील: प्रशासकीय कारणास्तव उर्वरित सेवाकाळासाठी तळमजल्यावरील सामानघरात बदली. साप्ताहिक सुट्टी गुरुवार.

सामानघराला खिडकी नव्हती. लोक पिशव्या, छत्र्या, हेल्मेटं द्यायचे, ती बिल्ला द्यायची. लोक बिल्ला द्यायचे, ती पिशव्या द्यायची. पहिल्या आठवड्यात तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट एक विचित्र गोष्ट घडली. समोर भिंत असल्यामुळे चित्र डोळ्यांपुढे जास्तच यायला लागलं, आणि त्यात असे प्रश्न पडायला लागले जे खुर्चीवर बसून कधी पडले नव्हते. ओढ्याच्या पाण्यात आभाळाचा कोणता रंग होता? वाकलेल्या तिघींपैकी मधलीच्या हातात दाताळं होतं की नुसते हात? आणि उभीचा चेहरा? चेहरा तिला आठवेना. एकोणीस वर्षं, आणि चेहरा आठवेना. तिच्या लक्षात आलं की खुर्ची तिरकी होती, आठ पावलं लांब होती, आणि पहाऱ्यावर असताना चित्राजवळ जाऊन उभं राहायची परवानगी नसते. तिनं ते चित्र समोरून, जवळून, कधी पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी ती निघाली. गणवेश नाही, साधे, इस्त्री केलेले कपडे. नवरा म्हणाला, येऊ का सोबत, तर ती म्हणाली, पुढच्या वेळी. तिकीटखिडकीवरचा माणूस तिला रोज बघणारा. “अहो तुम्हाला कशाला तिकीट, जा तशाच आत,” तो म्हणाला. “नको,” ती म्हणाली, “दे.” आणि तिकीट मुठीत धरून ती जिना चढली.

अकराव्या खोलीत तिच्या खुर्चीवर आता दुसरी बाई होती. तिनं ओळखीचं हसून मान हलवली. खोली रिकामी होती. ती चित्रासमोर जाऊन उभी राहिली, चित्रापुढच्या आडव्या दोरीला गुडघा लागेल इतकी जवळ. इतक्या जवळून रान रान राहिलं नाही, नुसते रंगाचे फटकारे झाले, काही जाड, काही इतके पातळ की खालचं कापड दिसावं. मग तिनं उभीचा चेहरा शोधला. तिथं चेहरा नव्हता. तीन फटकारे होते: एक गुलाबी, एक तपकिरी, आणि डोळा असायला हवा तिथं कुंचल्याच्या टोकानं ठेवलेला एक गर्द ठिपका. त्यात निवांतपणा नव्हता, दुखणंही नव्हतं, तिच्या आईचं तर काहीच नव्हतं. म्हणजे एवढी वर्षं आपणच तिच्यात सगळं घालत आलो? मग ती एक पाऊल मागे आली, आणि अर्धं, आणि फटकारे पुन्हा जुळले. मान उजवीकडे वळली, अंगठा कमरेत रुतला, सावली पुढे पडली. चित्रकारानं चेहरा रंगवला नव्हता, पण ती पाठ त्यानं एका दमात, न चुकता, ओढली होती. त्याला माहीत असल्याशिवाय अशी रेघ येत नाही. कुणाची तरी पाठ त्यानंही बघितली होती. घाला म्हटलं तिनं मनात, ज्याला जे घालायचं ते चेहऱ्यात घाला. पाठीला हात लावू देणार नाही.

मागे पावलं वाजली. मृदू आवाज आला, पुढच्या खोलीतून इकडे सरकत. प्राध्यापकांनी तिला मागून ओळखलं नाही. जवळ येऊन तिच्या बाजूला थांबले तेव्हा ओळखलं, आणि त्यांचा हवेतला हात खाली आला. “तुम्ही,” ते म्हणाले. “आज इथं?”

“तिकीट काढलंय,” ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. घोळका जमला, पंधरा-वीस माणसं. प्राध्यापकांनी आभाळाबद्दल सांगितलं, ढगांबद्दल, त्या काळात चित्रकार उघड्यावर जाऊन रंगवायला लागले होते त्याबद्दल, आणि ते चांगलं सांगत होते, आज तिला ते ऐकायला आवडलं. मग ते बायांपाशी आले आणि थांबले. “आणि ही बघा,” ते म्हणाले. पुढचं वाक्य आलं नाही. मागून कुणीतरी विचारलं, “ती काय बघतेय?” प्राध्यापकांनी चित्राकडे बघितलं, खरोखर बघितलं असावं, कारण त्यांची नजर बाईवरून सावलीकडे गेली आणि सावलीवरून हळूहळू उजवीकडे टेकडीपर्यंत गेली. “याबद्दल,” त्यांनी घसा साफ केला, “मतभेद आहेत.”

तिला हसू आलं, पण तिनं ते आत ठेवलं. मतभेद म्हणजे दोन बाजू. ती एक बाजू होती तर.

“जरा बाजूला होता का,” प्राध्यापक तिला म्हणाले, अदबीनं, मावशी न म्हणता. “मागच्यांना दिसत नाहीये.”

तिचे पाय आपोआप हलायला निघाले. आयुष्यभराची सवय, लोक आले की अंग चोरायचं, पाय आत घ्यायचे, भिंतीचा रंग व्हायचं. एक टाच उचललीही गेली होती. तिनं ती पुन्हा जमिनीवर टेकवली.

“पाच मिनिटं थांबा,” ती मागे न वळता म्हणाली. “मी बघतेय.”

एका बुटाची चुळबुळ झाली, कुणीतरी पर्सची चेन लावली. मग तेही थांबलं, आणि वीस माणसं तिच्या पाठीमागे उभी राहिली, तिचं बघून होईपर्यंत.